होडीतून नेलेला कॉम्प्युटर

ठाण्याच्या खोपट एसटी डेपोत उतरले तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती, दुसऱ्या हातात आमसुलांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. बाकावर बसलेल्या एका बाईंनी विचारलंसुद्धा, "लग्नाला आलात वाटतं?"

"नाही, कॉम्प्युटर शिकायला!" मी म्हटलं.

बाईंनी आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली.

त्यांची चूक नव्हती. ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. आमच्या हर्णैत तेव्हा टीव्हीच मोजक्या घरांत होता, तोही अँटेना फिरवून फिरवून दिसायचा. अशात शाळेला सरकारी पत्र आलं की काही निवडक शाळांना कॉम्प्युटर मिळेल, पण आधी एका शिक्षकाने ठाण्याला जाऊन शिकून आलं पाहिजे. गणिताच्या सरांची कंबर धरली. विज्ञानाच्या सरांच्या घरी अचानक पाहुणे येणार होते. मुख्याध्यापकांची नजर फिरत फिरत माझ्यापाशी आली, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी म्हणाले, "मी जाते." मी भूगोल शिकवते. कॉम्प्युटर कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. पण वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कोणी आपल्याला नवीन काही शिकायला पाठवतंय, या कल्पनेनेच मी हरखून गेले होते.

बाहेरगावच्या शिक्षकांची सोय स्थानिक शिक्षकांच्या घरी केली होती. मला मिळाल्या शैला गायकवाड. कोपरीत राहणाऱ्या, विज्ञान शिकवणाऱ्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्या दुप्पट वेगाने बोलणाऱ्या. मला न्यायला त्या डेपोत आल्या होत्या. माझी वळकटी हिसकावून घेत म्हणाल्या, "चला चला, रिक्षा थांबवून ठेवलीय. मी मघाशीच आलेले, पण तुमची गाडी लेट. आणि मला अहो-जाहो नको हां, शैला म्हणा."

दोन खोल्यांचं घर. कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. शैलाचे यजमान कारखान्यात रात्रपाळीला जात, त्यामुळे सकाळी ते घरी यायचे तेव्हा आम्ही निघायचो. दुसऱ्या दिवशी त्यांनी येताना कोपऱ्यावरच्या सिंधी गाडीवरून दाल-पकवान (कुरकुरीत मोठी पुरी आणि वर घट्ट डाळ) आणलं. मी पकवानाचा तुकडा मोडला, तो असा कडाडून फुटला की डाळ माझ्या इस्त्रीच्या साडीवर! शैला हसून हसून खाली बसली. त्या क्षणापासून आम्ही मैत्रिणी झालो.

हसण्याखाली तिच्या मनात काय होतं, ते तिने त्याच दिवशी चालता चालता सांगितलं. "ताई, माझ्या शाळेत मला पाठवायला तयार नव्हते. म्हणे, बाईंना कशाला. मी भांडून आलेय. उद्या माझ्या पोरांना कोणी म्हणायला नको, की मशीन आलं तेव्हा तुमची बाई मागच्या बाकावर बसलेली."

वर्ग एका कॉलेजात होता. दाराशी चपला काढायच्या, आत एसी, खिडक्यांना जाड पडदे. मशीन तापू नये म्हणून आम्ही गारठायचं! मी तर पहिल्या दिवशी पदर डोक्यावरून घेऊन बसले होते. शिकवायला निमकर मॅडम, नुकतीच इंजिनिअर झालेली मुलगी, माझ्या भाचीएवढी. मशीन म्हणजे जाडजूड टाइपरायटरसारखी एक पेटी, तिला जोडलेला टीव्हीसारखा पडदा आणि शेजारी चक्क टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की त्यातून गाण्याऐवजी असा काही किंचाळता आवाज निघायचा की अंगावर काटा यावा. तो आवाज म्हणजे म्हणे प्रोग्रॅम! कॅसेट किंचाळून थांबली की पडद्यावर चित्र यायचं.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी दोन ओळी लिहायला शिकवलं. पहिल्या ओळीत काय छापायचं ते सांगायचं, दुसऱ्या ओळीत परत पहिलीकडे जा म्हणायचं. मी छापायला माझ्या गावाचं नाव दिलं. बटण दाबलं मात्र, पडद्यावर हर्णै, हर्णै, हर्णै! इंग्रजी अक्षरांत, खालून वर, न थांबता! मी खुर्चीतून उठलेच.

"अहो, थांबवा त्याला! सगळं गाव वाहून चाललंय!"

मॅडमनी एक बटण दाबून गाव थांबवलं. मी लगेच परत सुरू केलं. त्या दिवशी किती वेळा सुरू केलं आणि थांबवलं, कोण जाणे.

शेवटच्या आठवड्यात मॅडमनी खरी परीक्षा सांगितली. दोघा-दोघांनी एकेक मशीन घेऊन एका शाळेत जायचं आणि तिथल्या मुलांसमोर प्रात्यक्षिक करायचं; मशीन मग त्याच शाळेकडे राहणार. तिथल्या मुख्याध्यापकांनी पसंतीची सही दिली, तरच प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्र असेल, तरच आपापल्या शाळेला कॉम्प्युटर. मी आणि शैला, आमच्या वाट्याला आली डोंबिवलीची शाळा, पश्चिमेला, पार खाडीच्या अंगाची. मॅडमनी जाता जाता हळूच सांगितलं, "तिथले मोठे सर जरा कडक आहेत. मशीन ठेवून घ्यायलाच तयार नाहीत."

ठरल्या दिवशी सकाळी टेम्पो आला. पडदा एका खोक्यात, पेटी दुसऱ्या खोक्यात, आणि टेपरेकॉर्डर नि कॅसेटी कापडी पिशवीत. टेम्पोवाल्याला भिवंडीला माल द्यायचा होता, तिथून कल्याणवरून तो आम्हाला डोंबिवलीला सोडणार होता. आम्ही दोघी पुढे त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसलो. कशेळीच्या पुलावरून खाडी दिसली, आणि मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी गर्दी, मध्ये राखी, सुस्त पाणी. आमचा समुद्र सतत आदळआपट करतो. ही खाडी नुसती पडून होती.

माणकोली नाक्यावर टेम्पोतून 'कडाक्' असा आवाज आला आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. टेम्पोवाला खाली वाकून आला तो हात झटकतच.

"स्प्रिंगचा पाटा तुटला. आता दुपारपर्यंत काय होत नाय."

"अरे दादा, अकराला पोरं बसणारेत तिकडे!" शैला ओरडली.

त्याने बोट दाखवलं. "रिक्षा करा, काठाला जावा. होडी हाय. समोरच डोंबिवली."

शैलाने माझ्याकडे पाहिलं. "ताई, कॉम्प्युटर होडीतून?"

"मी हर्णैची आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे नवरीसुद्धा होडीतून जाते."

काठाला एक होडी उभी होती. वल्ह्यावर म्हातारेसे नाखवा (होडीचे मालक), आणि मागे त्यांची बायको गंगाबाई. कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, नाकात मोरणी, आणि मोठा, मोकळा आवाज.

"यात काय हाय गो बाय? टीवी?"

"कॉम्प्युटर आहे. शाळेत न्यायचाय."

"कोनचे शालंन?"

शैलाने शाळेचं नाव सांगितलं आणि गंगाबाईंचा चेहरा उजळला. "माजी वनिता त्याच शालंन हाय! आटवीला! ओ, उठा, जागा द्या त्यांना," असं म्हणून त्यांनी नाखवांनाच सरकवलं.

खोकी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मध्ये ठेवली, आम्ही दोघींनी एकेक मिठीत धरलं. होडी निघाली. ऊन कोवळं होतं, पाण्यावरून बगळे उडत होते, आणि समोर डोंबिवलीच्या इमारती हळूहळू मोठ्या होत होत्या. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. शैलाही हसली. काही कारण नव्हतं.

एवढ्यात रेतीने भरलेली एक मोठी बोट धडधडत शेजारून गेली. तिच्या लाटेने आमची होडी अशी कलली की मी पडद्याच्या खोक्यावर आडवी पडले. खोकं वाचलं. पण मांडीवरची कापडी पिशवी घसरून होडीच्या तळाला साचलेल्या पाण्यात गेली. टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी, दोघांनाही खाडीची आंघोळ!

शैलाने टेपरेकॉर्डर उचलून तिरका केला. त्यातून पाण्याची धार लागली.

"झालं," ती म्हणाली. "सगळे प्रोग्रॅम कॅसेटीत होते. ते रॉकेट, ती प्रश्नमंजुषा. आता दाखवणार काय? परत जाऊया का?"

आमच्या शाळेचा कॉम्प्युटर मला त्या पाण्यात बुडताना दिसत होता.

गंगाबाईंनी आम्हा दोघींकडे पाहिलं. "टीवी सुका हाय ना?"

"आहे."

"मंग? एवरं वल्हवत आनलंय, आता परत कशाला जावाचं?"

काठाला लागल्यावर त्यांनी पदराची चुंबळ केली, पडद्याचं खोकं सरळ डोक्यावर घेतलं आणि चालू लागल्या. पेटीचं खोकं नाखवांच्या खांद्यावर. मागून आम्ही दोघी, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या. गल्लीतून आमची वरात निघाली तेव्हा लोक दारात येऊन पाहायला लागले. "काय आणलं, काय आणलं?" गंगाबाई न थांबता सांगत होत्या, "कंप्यूटर! आमचे शालंचा!" शाळेच्या फाटकापर्यंत मला पुन्हा हसू फुटलं होतं.

मोठे सर दारातच होते. पांढरं धोतर, काळा कोट, हातात घड्याळ. त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं, मग खोक्यांकडे.

"या. आपण आलात, हे बरं झालं. परंतु मी स्पष्टच सांगतो. प्रात्यक्षिक झालं की हे यंत्र कपाटात जाईल. साहेब तपासणीला आले की बाहेर काढू. मुलांच्या हाती दिलं तर आठ दिवसांत मोडेल, आणि जबाबदारी माझी."

आठवीचा वर्ग खच्चून भरला होता. वनिता पहिल्या रांगेत होती; आईच्या डोक्यावरून खोकं उतरताना बघून ती लाजेने लाल झाली आणि मग अभिमानाने ताठ बसली. गंगाबाई जायच्या सोडून दाराशी फतकल मारून बसल्या.

शैलाने वायरी जोडल्या. पडदा उजळला. मुलांनी "ओऽऽ" केलं. पण त्यावर नुसतं एक छोटंसं चिन्ह लुकलुकत होतं, बाकी अंधार. मागून एक मुलगा म्हणाला, "पिक्चर कधी लागणार?"

"पिक्चर आपणच करायचाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आम्हाला आठवत होत्या तेवढ्या चार ओळी शैलाने लिहिल्या. मशीनने इंग्रजीत नाव विचारायचं, आणि नाव लिहिलं की नमस्कार करायचा. एवढंच. पण पहिल्या मुलाला मशीनने त्याच्या नावाने नमस्कार केला मात्र, सगळा वर्ग उठून पुढे आला. "मी, बाई! बाई, माझं!" एकाने नावाच्या जागी शाळेच्या शिपायाचं नाव घातलं, एकाने हिंदी पिक्चरमधल्या हिरोचं. मशीन बिचारं सगळ्यांना नमस्कार करत होतं. मोठे सर भिंतीशी उभे राहून घड्याळाकडे पाहत होते.

वनिताने आईचं नाव लिहिलं. नमस्कार आला. गंगाबाई उठून पडद्यापाशी गेल्या, डोळे बारीक करून बघायला लागल्या.

"यो माजा नाव नाय."

"आये, तुजंच हाय. इंग्रजीन हाय."

"माजा नाव मना लिवता येतं. यो तसा नाय." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "त्याला मराठी येत नाय का?"

मोठे सर पहिल्यांदा पुढे आले. "प्रश्न अगदी योग्य आहे. येतं का?"

"नाही," मी म्हटलं.

शैलाने माझा दंड धरला. "ताई, थांबा. मॅडमनी ते उडतं यान कसं काढलेलं? चौकटींचं?"

मला आठवलं. या मशीनवर एक अक्षर म्हणजे आठ आडव्या, आठ उभ्या घरांची छोटी चौकट. कुठली घरं उजळायची ते सांगितलं की हवं ते चिन्ह बनतं. प्रत्येक घराला एक आकडा. ओळीतल्या उजळायच्या घरांची बेरीज करून मशीनला द्यायची. मॅडमनी यान काढलं होतं. पण यान काढता येतं, तर ग का नाही?

मी खडू उचलला आणि फळ्यावर चौकट आखली. नकाशे काढून माझा हात बसलेला आहे. "चला, ग कसा काढायचा? कुठली घरं भरू?"

मग जो गोंधळ झाला म्हणता! एक ओरडे, "दांडी शेवटच्या घरात!" दुसरा, "नाय रे, येडा काय, मध्ये!" वनिता फळ्यापाशी येऊन घरं रंगवायला लागली. मुलं बेरजा करत होती, शैला आकडे टाइप करत होती. बटण दाबलं. पडद्यावर इवलासा ग आला. पण आरशात पाहिल्यासारखा, पाठ फिरवून बसलेला!

वर्ग हसून फुटला. "बाई, रुसला तो!"

मी आकडे उलट्या बाजूने लिहिले होते. पुसून पुन्हा बेरजा. या वेळी ग सरळ आला. त्याच्यापुढे आणखी एक ग, मग काना. पण तिन्ही अक्षरं वेगवेगळी, मध्ये फटी. वर शिरोरेषा तुटलेली.

"कडेची घरं रिकामी राहिलीत," हे कोण बोललं म्हणून मी वळले, तर मोठे सर! ते फळ्याच्या अगदी जवळ आले होते. "शिरोरेषा पूर्ण भरली पाहिजे. आठही घरं."

"आठांची बेरीज किती?" शैलाने विचारलं.

सगळा वर्ग एका दमात, "दोनशे पंचावन्न!"

रेघ जोडली गेली. 'गगा'. गंगाबाई अजून समाधानी नव्हत्या. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "टिंब?"

टिंबाला जागाच नव्हती. शिरोरेषा सगळ्यात वरच्या घरात होती. मग तिन्ही अक्षरांची शिरोरेषा एक घर खाली, सगळ्या बेरजा नव्याने. मोठ्या सरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि खडू माझ्या हातून घेतला. ते घरं भरत होते, मुलं त्यांच्या बेरजा तपासत होती, आणि एका मुलीने त्यांची चूक काढली तेव्हा त्यांनी ती मुकाट्याने दुरुस्त केली.

बटण दाबलं.

गंगा.

पडद्यावर, मराठीत, डोक्यावर टिंबासकट. गंगाबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग हात काढून मोठ्याने वाचलं. "गंगा." मग नाखवांना हाक मारून आत बोलावलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. टाळ्या, शिट्ट्या, बाकं बडवणं. मी आणि शैला तर एकमेकींचे हात धरून नाचत होतो.

आणि वीज गेली.

पंखा घरघरत थांबला. पडदा काळा झाला. वर्गातून एक लांब हाय निघाली.

"गेलं?" मोठ्या सरांनी विचारलं.

"गेलं," शैला म्हणाली. "साठवायला कॅसेट नव्हती."

"सगळं?"

"सगळं, सर."

त्यांनी काळ्या पडद्यावर एकदा बोट वाजवून पाहिलं. मग फळ्याकडे वळले. त्यावर आम्हा सगळ्यांचे आकडे होते, खाडाखोड केलेले, निरनिराळ्या हातांचे. खडूने पांढरी झालेली बोटं झटकत ते म्हणाले, "हा फळा कोणी पुसायचा नाही. वीज आली की वनिता आकडे घालेल. तोवर म कसा काढायचा, ते प्रत्येकाने वहीत काढून बघा."

कपाटाचं नाव त्यांनी काढलं नाही. सही मात्र वळणदार, लांबलचक केली.

दुपारी गंगाबाईंनी आम्हाला घरी नेलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण (निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा छोटा मासा). मी जन्मभर मासे खाल्ले, पण निवटे कधी खाल्ले नव्हते. झणझणीत! डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी आणखी वाढा म्हणत होते. शैला भाकरी मोडता मोडता मध्येच थांबली. "ताई, उद्या माझ्या शाळेत मी जाणार ना, पहिल्या बाकाच्याही पुढे उभी राहणार." आणि मग आनंद साजरा करायला आम्ही कल्याणला गेलो. तिथे तिने ठेल्यावरची कुल्फी खाऊ घातली, आणि कुल्फी संपल्यावर आम्ही तिच्या काठीने हातावर अक्षरांची घरं मोजत बसलो. दुकानांच्या पाट्यांकडे बघून माझं तेच चाललं होतं. हा क्ष आठ घरांत कसा बसवायचा? आणि ज्ञ? ज्ञ तर छळणार!

समारोपाच्या दुसऱ्या दिवशी शैला मला सोडायला खोपटला आली. निरोप घेताना आम्ही रडू असं वाटलं होतं, पण तिने खिडकीतून दाल-पकवानाचा पुडा आत दिला, तो तिथेच चुरा झाला, आणि आम्ही गाडी सुटेपर्यंत हसत राहिलो.

घाट उतरताना खिडकीशी बसून मी विचार करत होते, मला एवढा आनंद कशाचा झालाय? भूगोलात मी जे शिकवते ते आधीच जागेवर असतं. नदी असते, डोंगर असतो. मी फक्त बोट दाखवते. डोंबिवलीत त्या दिवशी सकाळी जे मला येत नव्हतं, मोठ्या सरांना येत नव्हतं, मशीनलाही येत नव्हतं, ते दुपारपर्यंत वर्गभर सगळ्यांना येत होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शिकवत होते. मुलांबरोबर शिकले ती पहिल्यांदाच.

शाळेत गेले तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे आता तुम्हाला कॉम्प्युटर पूर्ण येतो?"

"छे हो, सर! जेमतेम तीन अक्षरं येतात."

"अहो, मग मुलांना शिकवणार काय?"

"चौथं," मी म्हटलं, आणि खडू घेऊन वर्गाकडे पळाले.